चाल

पळसदरीला राहणाऱ्या माणसाला लय म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. कर्जत सोडून पुण्याकडे निघालेली गाडी आमच्या स्टेशनावरून जाते ती मनात घाट धरूनच जाते. कर्जतला तिच्या पाठीला जादा इंजिने लावलेली असतात. पुढचे ओढते, मागची रेटतात, आणि सदतीस फुटांना एक फूट अशा त्या चढणीवर सगळी मिळून एका दमाने वर सरकतात. खोपोलीची लोकल मात्र इथेच तिच्यापासून फारकत घेते आणि केळवली, डोळवलीच्या भातखाचरांतून माहेरवाशिणीसारखी रमतगमत निघून जाते. एकाच स्टेशनात उभे राहून दोन लयी ऐकायच्या असतील तर माणसाने पळसदरीला यावे. यापेक्षा इथे पाहण्यासारखे फारसे काही नाही असे मुंबईचे पाहुणे म्हणतात. स्वामी समर्थांचा मठ, तलाव आणि फाल्गुन असेल तर पळस, एवढे पाहून ते संध्याकाळच्या गाडीने परततात.

पूर्वी तर तीन लयी होत्या. १८५६ च्या मे महिन्यात आगगाडी आमच्या गावावरून खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी थबकली. साहेबाने तेव्हा आमच्या गावाचे नाव आपल्या कागदावर ‘पडुसधरी’ असे काहीतरी लिहून ठेवले होते. पळस त्याच्या जिभेला वळला नसावा. दोन वर्षांनी वर खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पण मधला डोंगर तसाच होता. उतारू खोपोलीला उतरायचे, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचे आणि वर पुन्हा गाडीत बसायचे. १८६३ साली घाटातला मार्ग खुला होईपर्यंत हे चालले. म्हणजे आगगाडीची लय, मग भोयांच्या खांद्याची लय, मग पुन्हा आगगाडीची. पालखीत बसलेल्याला त्यातली कोणती बरी वाटली असेल, हे सांगायला नको. भोयांना कोणती, हे मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही.

हे सगळे आठवायला कारण झाले ते एक विलायती नाचाचे गाणे. गाणे म्हणायचे, पण त्यात शब्द नाहीत. नुसता वाद्यमेळ आहे, आणि तो जेमतेम दोन मिनिटांचा. मी एका लहानशा शाळेत मराठी शिकवते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे (आमच्याकडे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात), पुढचे सारे वाचनालयाच्या कपाटांतून मिळवलेले; कादंबऱ्या लिहिते त्याही त्याच भांडवलावर. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचा नाच बसवायचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. नाचातले मला फार कळते म्हणून नव्हे. शाळा सुटल्यावर थांबायला मी तयार असते म्हणून. गेल्या वर्षी आमच्या धाकट्या बाईंनी मोबाइलवर ही चीज आणली. म्हणाल्या, “दरवर्षी तीच कोळीगीतं आणि तीच लावणी. एकदा हे करून बघू या ना.”

तुम्हीही ती ऐकलेली असणार. लहान मुलांच्या किल्लीच्या खेळण्यांत, जाहिरातींत, सिनेमात कुणी चोरपावलांनी चालले की मागे हीच वाजते. काचेच्या भांड्यांवर चमच्याने कुणीतरी अलगद टकटक करीत आहे, असा तो आवाज. ती रशियन संगीतकार चायकोव्हस्की याच्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेमधली. बॅले म्हणजे तोंडातून एक शब्द न काढता नुसत्या नाचाने सांगितलेली गोष्ट. या गोष्टीत मिठाईच्या राज्यात एक परी आहे, आणि हा तिचा नाच.

त्या परीचे नाव मराठीत काय करावे यावर आम्हा दोघींचा बराच खल झाला. इंग्रजीत तिला शुगर प्लम म्हणतात, पण त्यात प्लमचे फळ नसते. तो एक जुना मिठाईचा प्रकार. मूळ फ्रेंच नावात ‘द्राजे’ असा शब्द आहे. द्राजे म्हणजे बदामावर किंवा बडीशेपेवर साखरेच्या पाकाची पुटांवर पुटे चढवून केलेली गोळी. हे वाचले आणि मी ताडकन उठले. मंद आचेवर परात, तिच्यात तीळ, आणि थेंब थेंब पाक घालीत बोटांनी तासन् तास हलवीत बसणे, हा उद्योग आमच्या आजीने दर पौषात केला आहे! ‘हलव्याची परी’ हे नाव त्या क्षणी पक्के झाले. संक्रांतीच्या सुमारास संमेलन, मुलींच्या अंगावर हलव्याचे दागिने, काळी झबली. धाकट्या बाई टाळ्या पिटायच्या तेवढ्या राहिल्या.

माझा भाचा ठाण्याला पियानो शिकतो. त्याच्याकडून या चिजेचे छापील पान मागवून घेतले. आपल्याकडे गवई बैठक मारतो, तानपुरा जुळवतो, आणि मग त्याच्या गळ्याला, त्या वेळेला आणि समोरच्या माणसांना मानवेल तशी लय तो धरतो. या लोकांचे तसे नाही. पान उघडले की डोक्यावरच तीन गोष्टी ठरवून टाकलेल्या. कोणत्या गतीने वाजवायचे ते इटालियन शब्दांत. कोणत्या सुरावर उभे राहायचे ते काही खुणांत. आणि या दोहोंतून कोणता भाव उठावा, हे न लिहिताही समजावे अशी योजना.

गतीचे शब्द होते ‘आंदान्ते मा नॉन त्रोप्पो’. आंदान्ते म्हणजे चालत जाणारे. पुढच्या शब्दांचा अर्थ, पण फार नको. चाल, पण फार नको! मला हे इतके आवडले की दोन दिवस मी घरात सगळ्यांना हेच सांगत सुटले. आणि मौज बघा, आपल्या भाषेने तर गाण्याच्या सुरावटीला नावच ‘चाल’ असे दिले आहे. चाल लावायची, चाल बदलायची, चालीवर म्हणायचे. गाणे पायांनी चालते, ही गोष्ट आपल्या लोकांना कुणी इटालियनने सांगावी लागली नाही. प्रत्येक आवर्तनाला दोनच मात्रा आहेत, डावा पाय आणि उजवा पाय. एवढ्या साध्या चालीत तो माणूस जादू करून गेला.

सूर ‘ई मायनर’चा. पेटीच्या भाषेत षड्ज पांढरी तीनवर, आणि गंधार कोमल. भाचा म्हणाला, “मावशी, मायनर म्हणजे दुःखी.” त्याच्या मास्तरांनी असे शिकवले असेल तर परीक्षेपुरते ठीक आहे. पण कोमल गंधार लागला म्हणजे डोळ्यांत पाणी आलेच पाहिजे असा काही कायदा नाही. आपल्याकडे भीमपलासातही तो आहे आणि मल्हारातही आहे, आणि पावसाच्या पहिल्या सरीला कुणी रडत बसत नाही. या चिजेत त्या कोमलपणाने दुःख होत नाही, थोडी काळजी वाटते. परी गोड आहे, पण ओळखीची नाही. हात लावावा की नाही असे होते.

हा भाव साधला कशाने, तर वाद्यांनी. आधी तंतुवाद्ये, तीही गजाने वाजवलेली नव्हेत, बोटांनी तारा छेडलेली, पाऊल टाकण्यापूर्वी जमीन चाचपावी तशी. मग तो काचेसारखा नाद. त्या वाद्याचे नाव चेलेस्ता. दिसायला पेटीसारखे, पण आत भाता नाही. पट्टी दाबली की एक लहानशी हातोडी पोलादाच्या पट्टीवर पडते आणि खालच्या लाकडी पोकळीत तो नाद घुमतो. पॅरिसच्या ऑग्युस्त म्युस्तेल नावाच्या कारागिराने १८८६ मध्ये ते बनवले. चायकोव्हस्कीने १८९१ साली पॅरिसला ते ऐकले आणि त्याला वेडच लागले. आपल्या प्रकाशकाला त्याने पत्र लिहिले की एक मागव, पण कुणाला दाखवू नकोस. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या आपल्याच देशबांधव संगीतकारांना सुगावा लागला तर ते आपल्या आधी वापरतील, ही त्याची धास्ती. मोठा माणूस, पण पोटात पाप! मला मात्र त्याच्याविषयी फार आपलेपणा वाटला. दिवाळी अंकांच्या दिवसांत कथेची कल्पना एकमेकांपासून लपवणारे लेखक मी पाहिले आहेत. नावे सांगत नाही.

आणि त्या गोड नादाला खालून उत्तर देणारे एक तिसरे वाद्य आहे, बास क्लॅरिनेट. वरचा नाद ठिपके मांडून थांबला की हे जाडसर आवाजात घरंगळत खाली येते. पहिल्या ऐकण्यात कान वरच्या चांदण्याकडेच जातो, खालच्याकडे जात नाही. माझाही गेला नव्हता.

या चिजेचा भाव मुळात संगीतकाराचा नव्हे, हेही मला नंतर कळले. पेतिपा नावाचे वृद्ध नृत्यगुरू होते. कोणत्या प्रसंगाला किती मात्रा हव्यात आणि कशा हव्यात, हे ते चायकोव्हस्कीला आधी लिहून देत. आमचे संपादक ‘अमुक इतके शब्द, आणि वातावरण सणाचे हवे’ असे कळवतात, त्यातलाच प्रकार. या नाचासाठी त्यांची मागणी अशी की कारंज्यातून थेंब पडल्यासारखे ऐकू आले पाहिजे. पुढे ते आजारी पडले आणि नाच बसवायचे काम त्यांचे मदतनीस इव्हानोव्ह यांच्याकडे आले. आपल्या आजच्या पंचांगाने १८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. आता सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी ते थेंब पडतच आहेत.

येथवर सगळे परमुलखातले झाले. पण मला नेहमी वाटते की जगातली कोणतीही गोष्ट जरा ओढून पाहिली की तिचा दोरा आपल्या दारापर्यंत येतो.

त्या १८९२ साली सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी नृत्यशाळेत एक अकरा वर्षांची मुलगी शिकत होती. आना पाव्हलोवा तिचे नाव. पुढे ती जगप्रसिद्ध झाली आणि १९२० नंतरच्या दशकात आपल्या संचासह हिंदुस्थानातही आली, मुंबईलाही आली. त्या सुमारास मुंबईत लीला सोखी नावाच्या एक बाई होत्या. जन्माने बंगाली, बारीसालच्या. पती कर्नल साहिबसिंग सोखी परळच्या हाफकिन संस्थेचे पुढे संचालक झाले. लीलाबाई कथक शिकत होत्या. घरंदाज बाईने नाचावे हीच मुळी तेव्हा अब्रह्मण्यम् गोष्ट. पाव्हलोवाने त्यांना उत्तेजन दिले. रंगभूमीवर त्यांनी नाव घेतले मेनका. नावातच सगळी उत्तरे देऊन टाकली म्हणायची.

मेनकाबाईंनी कथक एकटीने नाचायच्या बैठकीतून उचलले आणि त्याची बॅले केली. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय’, ‘मेनका लास्यम्’. संच घेऊन त्या युरोपभर हिंडल्या, शेकडो प्रयोग केले, १९३६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत बक्षिसे मिळवली. बरोबर सखावत हुसेन खाँसाहेबांसारखा सरोदिया होता. संचात एक आठ-दहा वर्षांची मराठी पोर होती, दमयंती जोशी. तीच पुढे कथकची मोठी कलावती झाली. आणि दौऱ्यावरून परतल्यावर मेनकाबाईंनी आपली शाळा काढली ती मुंबईत नाही, पुण्यात नाही, तर खंडाळ्याला. ‘नृत्यालयम्’. म्हणजे आमच्या डोक्यावर! पळसदरीहून निघालेली गाडी बोगद्यांतून धापा टाकीत वर पोचते, तिथे. त्या काळी मुंबई-पुणे गाड्या विजेवर चालू लागून दहाएक वर्षे झाली होती. शिरीन वजिफदारांसारख्या मुली घुंगरांच्या पिशव्या घेऊन याच रुळांवरून गेल्या असतील. मेनकाबाई १९४७ साली गेल्या. आता खंडाळ्याला लोक चिक्की घ्यायला आणि ढग बघायला जातात.

त्यांच्या शेवटच्या काळातली बॅले ‘मालविकाग्निमित्रम्’. हे वाचून मी कपाटातले कालिदासाचे नाटक काढले. माझे संस्कृत शाळेपुरते, त्यामुळे एक डोळा मूळावर आणि एक भाषांतरावर ठेवून वाचावे लागते. तरी दुसऱ्या अंकाशी मी थबकले. रशियन पानाच्या डोक्यावर ज्या तीन गोष्टी लिहिल्या होत्या, त्या तिन्ही कालिदासाने नाटकात आधीच सांगून ठेवल्या आहेत, आणि त्याही नाचाच्या आरंभी.

प्रसंग तुम्हाला ठाऊक असेल. अग्निमित्र राजाच्या दरबारी गणदास आणि हरदत्त असे दोन नृत्याचार्य. मोठा कोण यावर त्यांचे भांडण जुंपते. हे भांडण विदूषकाने लावून दिलेले, राजाला मालविका नजरेस पडावी म्हणून. मालविका आपल्या विदर्भाची राजकन्या, पण इथे दासी होऊन राहिलेली. ठरते असे की गुरूंनी वाद घालू नये, शिष्यांनी नाचून दाखवावे. आतून मृदंगाचा नाद येतो. तो कसा लावला आहे हे कवी सांगतो: मायूरी नावाची मार्जना, मध्यम स्वरातून उठणारी, मोरांना मेघ गडगडल्याचा भास होऊन ते माना उंच करतात. हा झाला सूर. मग गणदास पुढे येऊन जाहीर करतात की रचना शर्मिष्ठेची, चार पदांची, आणि लय मध्य. ही झाली गती. मालविका गाते आणि नाचते. हाती न लागणाऱ्या माणसावर जीव जडला आहे असे ते पद. राजा मनाशी ओळखतो की हे पद तिचे स्वतःचेच आहे. हा झाला भाव. परीक्षक म्हणून बसलेल्या परिव्राजिका कौशिकी निकाल देतात त्यातही पावले लयीला धरून पडली, याची नोंद आहे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात, पाठ्याच्या विचारात का होईना, असे सांगून ठेवले आहे की शृंगाराला आणि हास्याला मध्य लय, करुणाला विलंबित, आणि वीर, रौद्र, अद्भुत वगैरेंना द्रुत. कालिदास शहाण्या विद्यार्थ्यासारखा नियम पाळतो. चायकोव्हस्कीने भरत वाचलेला नव्हता. त्याच्या चिजेत रस आहे अद्भुत, आणि लय आहे चालण्याची. माझ्या मते जादू त्यातच आहे. अद्भुत धावत आले की आपण बिचकतो. ते पायी पायी, आपल्याच चालीने, दोन मात्रांत आले की आपण बाजूला सरून त्याला वाट देतो.

शिक्षकाच्या नजरेला त्या अंकात आणखी एक गोष्ट खुपते. मालविकेचा नाच संपतो. हरदत्त पुढे येऊन म्हणतात की आता माझा प्रयोग पाहा. आणि नेमका तेव्हाच भाट मध्यान्ह झाल्याची वर्दी देतो. विदूषक जेवणाची आठवण करतो. सभा उठते. हरदत्तांनी जे शिकवले ते कुणी पाहतच नाही. कालिदासाला त्याचे काही वाटत नाही, राजाला तर नाहीच. नाटकाच्या दृष्टीने त्याची गरज उरलेली नसते.

आता आमच्या मुलींकडे येते. सहा मुली निवडल्या होत्या, पाचवीतल्या. पहिल्या दिवशी चीज वाजवली तेव्हा त्यांचे चेहरे पडले.

“बाई, याला बोलच नाय,” एकीने तक्रार केली. “नाचायचं कशावर?”

कारंजे त्यांच्यापैकी कुणी पाहिलेले नव्हते. कर्जतच्या एखाद्या बागेत असेल, पण चालू कधी असते? मी म्हटले, “पागोळ्या आठवा. पाऊस थांबलाय, कौलावरून एक एक थेंब पडतोय, आणि त्या थेंबांमधून न भिजता अंगण ओलांडायचंय.” हे त्यांना पटले. पाच मुली चवड्यांवर चालू लागल्या. सहावी मात्र तशीच उभी.

ही सहावी कातकरवाडीवरची. वर्गात ती सहसा बोलत नसे. तिच्या घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची वेगळी, या दोहोंमधल्या खाचेत बोटे अडकून बसलेल्या मुलींपैकी एक. तिला मी घेतली ती गौरीच्या दिवसांत वाडीवर ढोलावर फेर धरताना पाहिली होती म्हणून. पण इथे ती हलेना. चीज दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. मग ती एकदम वाकली आणि गुडघ्यांतून एक झोका घेऊन तिने टाच आपटली. वरच्या चांदण्यावर नव्हे. ते थांबल्यावर, खालून जो जाड आवाज घरंगळत येतो, नेमकी त्यावर.

“ह्यो खालचा बोलतो ना बाई,” ती म्हणाली, “त्यो ढोल हाय.”

धाकट्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. मोबाइल कानाला लावून मी तो तुकडा पुन्हा ऐकला. मग नाचाची मांडणीच बदलली. पाच मुली पागोळ्या झाल्या आणि ही एकटी खालची जमीन. थेंब पडले की जमिनीने उत्तर द्यायचे. लयीला ती कधी चुकली नाही. मला हाताने मात्रा मोजाव्या लागत. तिला ते हसू यायचे.

प्रश्न नाचाचा नव्हताच. प्रश्न तारखेचा होता. आमच्याकडे दिवाळी झाली की वाडीवरची बिऱ्हाडे वीटभट्टीवर जातात. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला घरातले सगळे हात लागतात. भांडी, कोंबड्या, पोरे, सगळे टेम्पोत चढते आणि पाऊस तोंडावर आला की परत येते. वर्गातली दोन बाके रिकामी होतात, आणि हजेरीपटावर मी गैरहजेरीच्या खुणा करीत राहते. संमेलन असते संक्रांतीच्या सुमारास. म्हणजे हलव्याचे दागिने तयार व्हायचे तेव्हा ही चिखल तुडवीत असणार.

वाडीवर जाऊन तिच्या आईला विचारले, “हिला आजीपाशी ठेवशील का गं, दोन महिने तरी?”

ती घमेले घासत होती. म्हणाली, “म्हातारी बी येते बाई भट्टीवं. धाकल्याला कोन बघंल?”

मी काय बोलणार? उचल माझ्या बापाने घेतली नव्हती.

तेव्हा मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हटले, हा एक नाच दिवाळीच्या सुट्टीआधी होऊ द्या. ते माणूस भले, पण नियमाचे. “बाई, संमेलन एकदा होतं. पाहुणे, मांडव, माइक, सगळं एकदाच.” मी म्हटले, पाहुणे नकोत, मांडव नको, माइक तर मुळीच नको. शेवटच्या दिवशी चौथ्या तासानंतर पंधरा मिनिटे द्या. बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटून ते म्हणाले, “पंधरा. सोळावं नको.” पेतिपांनाही याहून काटेकोर होता आले नसते.

वर्गातली बाके भिंतीला लावली. धाकट्या बाईंनी घरून एक ध्वनिवर्धक डबा आणला होता, पेरूएवढा. हलव्याचा हंगाम नव्हता, म्हणून मुलींनी साबुदाणे दोऱ्यात ओवून, खळीत बुडवून, वाळवून माळा केल्या. लांबून हलव्यासारख्या दिसत. पाहायला तीन वर्ग, शिपाईमामा, आणि दाराशी वाडीवरच्या चार बायका, आत या म्हटले तरी न आलेल्या. चीज वाजली. तारा छेडल्या गेल्या, पागोळ्या पडू लागल्या, आणि खालून ते जाड उत्तर आले तेव्हा फरशीवर अनवाणी टाच पडली. तिसऱ्या की चौथ्या उत्तराला दारातल्या एका बाईचा पाय आपोआप हलला. कुणाचा ते मी पाहून ठेवले आहे. दोन मिनिटांत सगळे संपले. पंधरा मिनिटांतली तेरा उरली, म्हणून मुलांनी ओरडून पुन्हा करायला लावले, आणि आणखी एकदा.

बलिप्रतिपदेच्या चौथ्या दिवशी टेम्पो गेला.

यंदा पाऊस सुरू झाला आणि शाळा उघडून आठवडा झाल्यावर ती आली. उंच झाली होती, तळवे भेगाळलेले होते, आणि बेरजा विसरली होती. मधल्या सुट्टीत मैदानाच्या टोकाला तिच्याभोवती लहान मुलांचा घोळका दिसला, वाडीवरचीच सगळी, भट्टीवरून आलेली. ती तोंडाने ती चीज म्हणत होती. टिंग टिंग, टिंग टिंग. आणि सगळी पोरे मिळून खालच्या आवाजाला टाचा आपटीत होती. लय दुप्पट झाली होती. सूर पांढरी तीन सोडून कुठल्या कुठे वर गेला होता. भाव म्हणाल तर अद्भुत पार पळाला होता आणि पोरे हसून हसून लोळत होती, कारण प्रत्येक टाचेबरोबर कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय देत होते.

मी विचारले, “अगं, इतक्या जलद?”

“भट्टीवं रातच्याला थंडी वाजायची ना बाई,” ती म्हणाली. “हळू नाचलं तं ऊब नाय येत.”

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, चौथ्या तासानंतर, याही वर्षी मागून घेतला आहे. मुख्याध्यापकांनी वीस मिनिटे दिली आहेत. भाच्याला मी कळवले आहे की छापील पान त्याने परत न्यावे. धाकट्या बाई डोक्याला हात लावून बसल्या आहेत, कारण इतक्या जलद वाजणारी चीज त्यांच्या मोबाइलवर मिळत नाही. तेव्हा यंदा वाजवायचे काहीच नाही असे ठरले आहे. पोरेच तोंडाने म्हणणार आहेत, आणि वाडीवरून ढोल मागवला आहे.